केशरी रंग फोनला कसा कळतो

ऑगस्ट उजाडला की कितीतरी मोबाइल ॲपांची पहिली स्क्रीन तिरंगी होते. डिझायनर फाइल पाठवतो. तिच्यात केशरी पट्ट्याशेजारी एक बारीक ओळ असते : हॅशचे चिन्ह आणि त्यापुढे एफएफ९९३३. ॲप लिहिणाऱ्याने ती ओळ उचलायची, कोडमध्ये ठेवायची आणि स्क्रीनवर केशरी रंग उमटवायचा. ऐकायला पाच मिनिटांचे काम. पण फोनच्या लेखी ती सहा अक्षरे म्हणजे साधा मजकूर असतो. त्या मजकुराचा आकडा करावा लागतो, आकड्यातून लाल, हिरवा आणि निळा हे घटक वेगळे काढावे लागतात, आणि मग कुठे प्रोग्रॅमला वापरता येईल असा ‘कलर ऑब्जेक्ट’ तयार होतो. सगळे मिळून दहा-बारा ओळींचे फंक्शन. बहुतेक जण ते कुठून तरी उचलून चिकटवतात आणि पुढे सरकतात. माझ्या मते ते प्रत्येकाने एकदा तरी स्वतः, समजून लिहायला हवे. कारण हेक्स कोड दिसतो तितका स्वयंपूर्ण नसतो. काही महत्त्वाच्या गोष्टी तो सांगतच नाही, आणि त्या गोष्टींचा निर्णय याच दहा-बारा ओळींत होतो.

उदाहरणासाठी आपण तिरंगाच घेऊ. वेबवर त्याचे तीन कोड सर्रास वापरले जातात : केशरीसाठी एफएफ९९३३, हिरव्यासाठी १३८८०८ आणि अशोकचक्राच्या निळ्यासाठी ००००८०. या लेखात कोड देवनागरीत लिहिले आहेत, प्रत्यक्ष प्रोग्रॅममध्ये ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच लागतात. या लिपीच्या प्रश्नाने मराठी फोनवर ॲप कसे अडखळते, तेही पुढे येईलच.

हेक्स म्हणजे सोळाच्या पायाची मोजणी. नेहमीच्या मोजणीत दहा झाले की डावीकडे एक हातचा जातो, इथे सोळा झाले की जातो. ० ते ९ हे अंक सोळा जागांना पुरत नाहीत, म्हणून उरलेल्या सहा जागा ए ते एफ या अक्षरांनी भरल्या आहेत. ए म्हणजे १०, एफ म्हणजे १५. घरातल्या जुन्या माणसांकडून आण्यांचा हिशेब ऐकला असेल, तर ही मोजणी परकी वाटणार नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तोवर रुपयाचे सोळा आणे होत. हेक्सची जोडी तशीच वाचावी : डावीकडचे अक्षर रुपये, उजवीकडचे आणे. एफएफ म्हणजे १५ रुपये १५ आणे, एकूण २५५ आणे. ९९ म्हणजे ९ रुपये ९ आणे, एकूण १५३. आणि ३३ म्हणजे ५१. आपल्या केशरीत लाल २५५, हिरवा १५३ आणि निळा ५१ आहे, हे एवढ्यावरून हाती येते.

दोन अक्षरांच्या जोडीत २५५ च्या वर जाताच येत नाही, आणि हाच या पद्धतीचा फायदा आहे. हेक्सचे एक अक्षर चार बिटांत नेमके बसते, दोन अक्षरे एका बाइटमध्ये. त्यात काही उरत नाही आणि काही सांडत नाही. ए ते एफ ही अक्षरे वापरण्याची रीत आयबीएमने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० या संगणकांमुळे रूढ झाली. लाल, हिरवा आणि निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या धरल्या, तर एकूण १,६७,७७,२१६ रंग होतात. घटक तीनच का, याचे उत्तर संगणकात नसून आपल्या डोळ्यांत आहे. दृष्टिपटलावरच्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. थॉमस यंग यांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला ही कल्पना मांडली, हेल्महोल्ट्झ यांनी ती पुढे नेली, आणि १८६१ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी तीन रंगांच्या गाळण्यांतून काढलेली चित्रे एकावर एक पाडून रंगीत छायाचित्र दाखवले. फोनच्या स्क्रीनवरचा प्रत्येक ठिपका आजही तेच करतो.

आता प्रत्यक्ष रूपांतर. आधी मजकूर स्वच्छ करायचा. पुढेमागे रिकामी जागा असेल तर छाटायची, हॅश असेल तर काढायचा. मग उरलेला मजकूर सोळाच्या पायाची संख्या म्हणून वाचायचा. एफएफ९९३३ ची संख्या येते १,६७,५०,८९९. हा एकच आकडा, पण तीन बाइट त्यात शेजारी-शेजारी बसले आहेत. लाल बाहेर काढायचा तर संख्या सोळा बिट उजवीकडे सरकवायची, म्हणजे तिला ६५,५३६ ने भागून बाकी सोडून द्यायची. उरतात २५५. हिरव्यासाठी आठ बिट सरकवायचे आणि शेवटचा बाइट ठेवून बाकी सगळे झाकायचे. १५३ मिळतात. निळ्यासाठी काही सरकवायचे नाही, फक्त शेवटचा बाइट घ्यायचा : ५१. सगळ्या भाषांतले सगळे हेक्स रूपांतर मुळात एवढेच आहे. इथून पुढचा रस्ता मात्र प्रत्येक प्लॅटफॉर्मचा वेगळा.

आयफोनवर यूआयकिटमध्ये रंगाचा वर्ग आहे यूआयकलर. त्याला हेक्स मजकूर थेट देण्याची सोय ॲपलने ठेवलेली नाही. म्हणून तर आयफोनच्या जवळजवळ प्रत्येक प्रकल्पात कोणीतरी लिहिलेले एक छोटे एक्स्टेन्शन सापडते. यूआयकलरला घटक हवे असतात ० ते १ या मापात. म्हणजे प्रत्येक आकड्याला २५५ ने भागायचे : लाल १, हिरवा ०.६, निळा ०.२. इथे पहिला खड्डा आहे. दोन्ही पूर्णांक असतील, तर भागाकारही पूर्णांकातच होतो. २५५ भागिले २५५ बरोबर १, पण १५३ भागिले २५५ बरोबर ० आणि ५१ भागिले २५५ सुद्धा ०. केशरी पट्टा लालभडक होतो. स्क्रीनवर केशरीऐवजी शुद्ध लाल दिसला, की आधी हा भागाकार तपासावा, आकडा दशांशात बदलून मगच भागलेला आहे ना ते पाहावे. भागायचेच विसरले, तर २५५, १५३ आणि ५१ हे तिन्ही आकडे १ च्या कितीतरी वर जातात आणि पट्टा पांढरा दिसतो. कोणी २५५ ऐवजी २५६ ने भागतात. त्यात पांढरा १ होत नाही, ०.९९६ वर अडतो. डोळ्यांना तो फरक सहसा जाणवत नाही, पण चाचणीत दोन पांढरे जुळत नाहीत तेव्हा तास-दोन तास जातात.

अँड्रॉइडने वेगळा मार्ग धरला. तिथे रंग म्हणजे बत्तीस बिटांचा एक पूर्णांक. पहिला बाइट अल्फा, म्हणजे रंग किती अपारदर्शक आहे त्याचे माप, आणि मग लाल, हिरवा, निळा. पूर्ण अपारदर्शक केशरी म्हणजे एफएफ-एफएफ-९९-३३. (आठ अक्षरी कोड वाचताना डोळे फिरतात, म्हणून इथून पुढे जोड्या रेघेने तोडून लिहितो. प्रत्यक्षात त्या सलग असतात.) जावा आणि कोटलिनमधल्या या पूर्णांकात सगळ्यांत डावा बिट ऋण चिन्हासाठी राखलेला आहे. अपारदर्शक रंगाचा तो बिट नेहमी १ असतो, म्हणून असा प्रत्येक रंग ऋण संख्या म्हणून छापला जातो. लॉगमध्ये केशरीच्या जागी −२६३१७ दिसले तर घाबरू नये, तो आपला केशरीच आहे. पण याच कारणाने आठ अक्षरांचा मजकूर साध्या पूर्णांकाच्या पार्सरला दिला, की तो संख्या मावत नाही म्हणून एक्सेप्शन फेकतो. अँड्रॉइडचे स्वतःचे पार्सकलर हे फंक्शन म्हणूनच आधी मोठ्या, चौसष्ट बिटांच्या पूर्णांकात वाचते आणि मग आकार कमी करते. कोड सहा अक्षरी असेल, तर पुढे एफएफ स्वतः लावून घेते.

पार्सकलर रंगांची इंग्रजी नावेही घेते, पण त्या सोयीवर मी विसंबणार नाही. वेबवर ‘ग्रीन’ म्हटले की ००८००० हा गडद हिरवा मिळतो. अँड्रॉइडवर ‘ग्रीन’ म्हणजे ००एफएफ००, डोळ्यांत खुपणारा पोपटी. वेब त्याला ‘लाइम’ म्हणते. ‘डार्कग्रे’ तर उलटसुलटच आहे. वेबवर तो ए९ए९ए९, म्हणजे साध्या ‘ग्रे’पेक्षा फिकट. अँड्रॉइडवर ४४४४४४, म्हणजे खरोखरच गडद. वेबसाइट आणि ॲप एकाच सर्व्हरवरून रंगांची नावे घेत असतील, तर दोन्हीकडे वेगळे रंग दिसणार.

आता ज्या प्रश्नाने सगळ्यांत जास्त रंग बिघडतात त्याकडे येऊ. सहा अक्षरांच्या कोडला जेव्हा अल्फाची जोडी लागते, तेव्हा ती पुढे लावायची की मागे? वेबच्या सीएसएसमध्ये ती शेवटी असते. अँड्रॉइड आणि फ्लटरमध्ये ती सुरुवातीला असते. रिॲक्ट नेटिव्ह फोनवर चालत असले तरी वेबची रीत पाळते. दोन्ही कोड आठच अक्षरांचे, दोन्ही वैध, आणि नुसता कोड पाहून तो कोणत्या घरचा आहे हे सांगता येत नाही.

निम्मा पारदर्शक केशरी घेऊन पाहा. निम्मे म्हणजे १२८, हेक्समध्ये ८०. वेबच्या रीतीने कोड होतो एफएफ-९९-३३-८०. हाच मजकूर जसाच्या तसा अँड्रॉइडला दिला तर तो असे वाचतो : अल्फा एफएफ, म्हणजे पूर्ण अपारदर्शक. लाल ९९, म्हणजे १५३. हिरवा ३३, म्हणजे ५१. निळा ८०, म्हणजे १२८. स्क्रीनवर उमटतो ठसठशीत जांभळा. उलट बाजूने अँड्रॉइडचा ८०-एफएफ-९९-३३ वेबला दिला, तर लाल १२८, हिरवा २५५, निळा १५३ आणि अल्फा ३३, म्हणजे २० टक्के. तिरंग्याचा वरचा पट्टा चक्क पुसट हिरवा होतो. दोन्ही वेळा ॲप क्रॅश होत नाही, कंपायलर तक्रार करत नाही, लॉगमध्ये ओळ येत नाही. रंगरूपांतरातला दोष शोधायला त्रास होतो तो यामुळेच : चुकीचा रंगसुद्धा एक रंगच असतो.

फ्लटर आणि जेटपॅक कंपोजमध्ये याचा आणखी एक प्रकार भेटतो. तिथे रंग बहुतेकदा मजकुरातून न येता थेट संख्या म्हणून लिहिला जातो. नवा माणूस डिझाइनमधली सहा अक्षरे तशीच लिहितो. संख्येच्या पहिल्या बाइटमध्ये काहीच लिहिलेले नाही, म्हणजे तिथे शून्य आहे, म्हणजे अल्फा शून्य. रंग अगदी बरोबर, पण पूर्ण पारदर्शक. बटण जागेवर असते, दाबले तर चालतेही, फक्त दिसत नाही. अशा वेळी लोक मांडणीत, मापांत, एकावर एक आलेल्या थरांत चूक शोधत बसतात. पुढे एफएफ लावले की काम होते.

तीन अक्षरांचा आखूड कोड हा त्यामानाने सरळ मामला. एफ९३ म्हणजे प्रत्येक अक्षर दुप्पट करून एफएफ९९३३. गणिताने पाहिले तर प्रत्येक अक्षराच्या किमतीला १७ ने गुणायचे : १५ गुणिले १७ बरोबर २५५, ९ गुणिले १७ बरोबर १५३. लक्षात ठेवायचे ते इतकेच, की अँड्रॉइडच्या एक्सएमएल फायलीत आखूड कोड चालतो, पण त्याच अँड्रॉइडचे पार्सकलर फंक्शन तो नाकारते आणि एक्सेप्शन फेकते. रंग सर्व्हरवरून येत असतील आणि तिकडे कोणी एफ९३ लिहिले, तर ॲप उघडताक्षणी बंद पडू शकते.

सर्व्हरचा विषय निघालाच आहे तर तिरंग्याच्या उरलेल्या दोन रंगांकडे वळू, कारण त्यांची अडचण नेमकी तिथे आहे. हिरव्याचा कोड १३८८०८. त्यात एकही अक्षर नाही, सगळे अंकच. कोणी जेसनमध्ये तो अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, तर तो मजकूर न राहता दशमान संख्या होतो : एक लाख अडतीस हजार आठशे आठ. त्याच संख्येचे बाइट पाडले तर लाल २, हिरवा ३०, निळा ५६ येतात. झेंड्याचा हिरवा पट्टा काळपट निळा झाला, म्हणजे हे झालेले असते. निळ्याचा कोड ००००८० तर स्प्रेडशीटमध्ये टाकताच पुढची शून्ये गमावतो आणि नुसता ८० उरतो. ॲपमध्येही हाच प्रकार उलट प्रवासात होतो. कलर ऑब्जेक्टमधून परत हेक्स मजकूर बनवताना १२८ ही संख्या सोळाच्या पायात छापली, की ८० मिळते, ००००८० मिळत नाही. सहा जागा भरतील अशी पुढे शून्ये घालणे हे आपले काम आहे. शिवाय ० ते १ मधला घटक परत २५५ ने गुणताना अपूर्णांक कापून टाकू नये, जवळच्या पूर्णांकाला न्यावा. नाहीतर रंग प्रत्येक फेरीत एका पायरीने घसरण्याची शक्यता असते.

चुकीचा मजकूर आला तर काय करायचे, हा प्रश्न फंक्शन लिहितानाच सोडवायला हवा. आयफोनवर पुष्कळ ठिकाणी स्कॅनर हा वर्ग वापरून हेक्स वाचलेला दिसतो. तो दिलखुलास आहे. जिथवर वाचता येते तिथवर वाचतो आणि ‘जमले’ म्हणून कळवतो. एफएफ९९३३ लिहिताना कोणाच्या हातून पाचव्या जागी जी हे अक्षर पडले, तर स्कॅनर एफएफ९९ पर्यंत वाचून थांबतो. सहा अक्षरांच्या हिशेबाने तो आकडा ००एफएफ९९ ठरतो : लाल ०, हिरवा २५५, निळा १५३. केशरीच्या जागी चमकता समुद्री हिरवा. त्यापेक्षा स्विफ्टमध्ये पूर्ण मजकूर सोळाच्या पायाने पूर्णांकात बदलण्याची जी सोय आहे, ती कडक आहे. एक अक्षर जरी बाहेरचे असले तरी ती ‘निल’ देते. तिच्यासोबत लांबी मोजावी आणि प्रत्येक अक्षर ० ते ९ किंवा ए ते एफ यांतलेच आहे हे पाहून घ्यावे, कारण अधिक-उण्याचे चिन्ह पुढे असले तरी असे पार्सर ते आनंदाने स्वीकारतात.

आणि चुकीच्या मजकुरावर उत्तर काय द्यायचे? अनेक फंक्शने अशा वेळी गुपचूप काळा रंग देतात. मला हे पटत नाही. काळा रंग डार्क मोडमध्ये पार्श्वभूमीत विरून जातो आणि चूक महिनोन्‌महिने लपून राहते. फंक्शनने ‘रंग मिळाला नाही’ असे स्पष्ट कळवावे, आणि त्या ठिकाणी कोणता रंग चालेल हे वापरणाऱ्याने ठरवावे. विकासाच्या काळात तर अशा जागी भडक गुलाबी दाखवावा, म्हणजे चाचणी करणाऱ्याच्या नजरेतून सुटणार नाही.

इथे मराठी वाचकाच्या खास जिव्हाळ्याचा मुद्दा येतो. फोनची भाषा मराठी ठेवली, की अनेक ठिकाणी अंक देवनागरी होतात. सॉफ्टवेअर ज्या सीएलडीआर या भाषाविषयक माहितीसाठ्यावर चालतात, त्यात मराठीचे मूळ अंक देवनागरी धरलेले आहेत, हिंदीचे मात्र इंग्रजी. आता समजा अँड्रॉइड ॲपमध्ये एक वेबव्ह्यू आहे आणि त्यासाठी प्रोग्रॅमर ‘आरजीबीए’ अशी सीएसएस ओळ स्ट्रिंग फॉरमॅटने तयार करतो, लाल, हिरवा, निळा हे आकडे त्यात भरून. फोन इंग्रजीत असेल तर २५५ हा आकडा इंग्रजी अंकांत छापला जातो. फोन मराठीत असेल तर तोच देवनागरी अंकांत छापला जातो. सीएसएसला देवनागरी अंक कळत नाहीत. ती पूर्ण ओळ दुर्लक्षित होते आणि रंग लागतच नाही. पुण्या-मुंबईतल्या टीमसुद्धा चाचणी इंग्रजी फोनवर करतात, म्हणून हा दोष सातारा-लातूरच्या वापरणाऱ्याला आधी दिसतो. त्याला वाटते आपला फोन जुना झाला.

जावाच्या हेक्स छपाईला हा नियम लागू नाही. तिथे अंक स्थानिक लिपीत बदलले जात नाहीत. म्हणजे रंग हेक्समध्ये छापला तर वाचतो, दशमानात छापला तर बिघडतो. वाचण्याच्या बाजूला तर आणखी गंमत आहे. जावाचा पार्सर युनिकोडमधला कोणताही अंक ओळखतो, म्हणून ‘९९’ देवनागरीत लिहिले तरी सोळाच्या पायाने १५३ वाचून देतो. स्विफ्ट मात्र तेच नाकारते. एकच मजकूर एका फोनवर चालतो आणि दुसऱ्यावर नाही. उपाय छोटा आहे : यंत्राने वाचायचा मजकूर तयार करताना फॉरमॅटला भाषेची मांडणी स्वतः सांगायची, अँड्रॉइडमध्ये लोकेल रूट किंवा लोकेल यूएस. माणसाने वाचायचे आकडे मात्र खुशाल मराठीत राहू द्यावेत.

इतके सगळे सांभाळले तरी एक गोष्ट कोडमध्ये नसतेच : हे आकडे कोणत्या मापपट्टीवरचे आहेत. सहसा ती पट्टी एसआरजीबी धरली जाते. ह्युलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ती १९९६ मध्ये मांडली आणि १९९९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. या पट्टीवर आकडा आणि प्रकाश सम प्रमाणात चालत नाहीत. केशरीतला हिरवा ०.६ आहे, पण प्रत्यक्ष प्रकाश पूर्ण क्षमतेच्या सुमारे ३२ टक्केच पडतो. डोळ्यांना काळोख्या छटांतले फरक अधिक जाणवतात, म्हणून तिकडे पायऱ्या जास्त ठेवल्या आहेत. २०१६ च्या आयफोन ७ पासून ॲपलच्या फोनवर डिस्प्ले पी३ ही अधिक रुंद पट्टी आली. अँड्रॉइडनेही ८.० आवृत्तीत रंगासोबत पट्टी नोंदवण्याची सोय केली. एसआरजीबीतला शुद्ध लाल पी३ च्या मापाने २३४, ५१, ३५ असा मोजला जातो. डिझायनरने पी३ स्क्रीनवरून ड्रॉपरने रंग उचलला आणि तुम्ही तो एसआरजीबी समजून वापरला, तर लाल मळकट का दिसतो याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे. म्हणून कलर ऑब्जेक्ट बनवताना पट्टीचे नाव गृहीत धरू नये, जिथे सांगता येते तिथे सांगावे.

खरा राष्ट्रध्वज तर कोणत्याच हेक्स कोडने बांधलेला नाही. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १ या १९६८ च्या मानकात ध्वजाच्या कापडाचे रंग सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९३१ च्या पद्धतीने, मोजणीच्या निर्देशांकांत दिले आहेत. ते रंग कापडावरून परतणाऱ्या प्रकाशाचे आहेत, स्क्रीनमधून निघणाऱ्या प्रकाशाचे नाहीत. एफएफ९९३३ हे त्याचे एक सोयीस्कर जवळचे रूप. एफएफ६७१एफ हा जरा गडद केशरीही तितकाच फिरताना दिसतो. लक्ष देऊन पाहा, एफएफ९९३३ च्या तिन्ही जोड्या ००, ३३, ६६, ९९, सीसी आणि एफएफ या सहांतल्याच आहेत. २५६ रंगांच्या जुन्या मॉनिटरांवर खात्रीने दिसावेत म्हणून वेबवाल्यांनी जे २१६ ‘सुरक्षित’ रंग ठरवले होते, त्यांतला तो एक आहे. कोड प्रमाण मानून वाद घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

एवढी यातायात करून मजकुराचा रंग करायचा कशाला, तर त्या रंगाला नंतर प्रश्न विचारता येतात म्हणून. या केशरी पट्ट्यावर पांढरी अक्षरे वाचता येतील का? वेबच्या सुलभता मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या आकाराच्या अक्षरांना पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ इतका विरोध हवा. घटकांवरून उजळपणा काढला, तर केशरीवर पांढऱ्याचा विरोध भरतो जेमतेम २.१ : १. काळ्याचा भरतो ९.९ : १ च्या आसपास. म्हणजे केशरीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेल्या शुभेच्छा उन्हात उभ्या असलेल्या किंवा नजर अधू झालेल्या माणसाला वाचता येत नाहीत, आणि हे ॲप स्वतः हिशेब करून सांगू शकते. मजकूर मजकूरच राहिला असता, तर हे गणित झाले नसते. डार्क मोडमध्ये रंग बदलणे, दाबलेल्या बटणाची छटा थोडी गडद करणे, एका रंगातून दुसऱ्यात सरकणे, हे सगळे याच घटकांवर चालते.

रूपांतराचे फंक्शन प्रकल्पात एकच असावे. त्याचे निर्णय त्याच्या माथ्यावर लिहून ठेवावेत : अल्फा पुढे की मागे, पट्टी कोणती, आखूड कोड चालतो की नाही, चुकीच्या मजकुराला काय उत्तर. स्क्रीनच्या कोडमध्ये मात्र हेक्स दिसूच नये, तिथे ‘मुख्य बटण’, ‘इशारा’, ‘पार्श्वभूमी’ अशी कामावरून पडलेली नावे असावीत. आयफोनवर २०१७ पासून ॲसेट कॅटलॉगमध्ये नावाचे रंग ठेवता येतात, अँड्रॉइडमध्ये एक्सएमएलची सोय पहिल्यापासून आहे. जो रंग आधीच ठरलेला आहे, त्याचे रूपांतर ॲप चालू असताना करण्याचे कारणच नाही. हे फंक्शन फक्त बाहेरून येणाऱ्या रंगांसाठी.

आज कामावर बसलात की आपल्या प्रकल्पात हेक्स वाचणारी फंक्शने किती आहेत ते शोधून पाहा. एकाहून जास्त निघाली तर एक ठेवा. त्याला एफएफ९९३३ द्या, हॅशसह आणि हॅशशिवाय. एफ९३ द्या, अल्फासह आठ अक्षरे द्या, ००००८० देऊन परत सहा अक्षरे मिळतात का पाहा, मध्येच जी घालून पाहा. आणि शेवटी फोनची भाषा मराठी करून ॲप पुन्हा उघडा.